पोटाची भिंत आणि जांघ स्वतःच्या बोटांनी कशी ओळखायची: काजळपेन्सिल घ्या आणि सुरू करा

माझ्याकडे संध्याकाळी नर्सिंगची आणि फिजिओची पहिल्या वर्षाची मुलंमुली येतात, कुणी म्हसरूळची, कुणी सिडकोची, एकदोघी तर पिंपळगावहून बसने येऊन परत जातात, आणि दरवर्षी इंग्वायनल कॅनॉलचा, म्हणजे जांघेतल्या बोगद्याचा, धडा आला की सगळे गप्प होतात. आकृती पाठ असते, चारही भिंती पाठ असतात, पण "दाखव बरं तुझ्या अंगावर कुठंय" म्हटलं की बोट कुठेतरी मांडीवर जातं. म्हणून मी उलटं शिकवते, आधी बोटं, मग पुस्तक.

यामागे एक कारण आहे. मी स्वतः पहिल्या वर्षाला असताना निफाडकडे आमच्या आजीच्या उजव्या जांघेत बोराएवढी गाठ आली. कांदा काढणीचे दिवस होते, घरात सगळे म्हणाले अवधाण आलंय, म्हणजे जखमेमुळे जांघेत सुजणारी लिम्फची गाठ, पायाला काहीतरी लागलं असणार, लेप लावा, बसेल. तिसऱ्या दिवशी उलट्या सुरू झाल्या, पोट फुगलं, रात्रीच तिला नाशिकला आणलं, ऑपरेशन झालं आणि आतड्याचा तुकडा काढावा लागला. आजी वाचली. ती गाठ फेमोरल हर्निया होती, म्हणजे जांघेतल्या एका छोट्या भोकातून (फेमोरल कॅनॉलमधून) आतडं बाहेर आलं होतं. मला तेव्हा फेमोरल कॅनॉलची व्याख्या शब्दन् शब्द येत होती, पण त्या गाठीला मी हात लावून बघितला नव्हता, आणि लावला असता तरी बोटाखाली काय शोधायचं हे मला माहीत नव्हतं. शोधायचं होतं एकच, प्युबिक ट्युबरकल नावाचा हाडाचा छोटासा उंचवटा. गाठ त्याच्या वर आहे का खाली, बस एवढंच.

हा लेख विद्यार्थ्यांसाठी आहे तसा घरच्या माणसांसाठी पण आहे. यावरून स्वतःचं निदान मात्र करू नका, ते सर्जनचं काम.

तयारी

काजळपेन्सिल घ्या, मार्कर नको, तो दोन दिवस निघत नाही. शिंप्याकडे असते तशी टेप, एक आरसा आणि कडी लागणारी खोली. लघवी करून या, मूत्राशय भरलेलं असेल तर ओटीपोट दाबताना नको वाटतं. पाठीवर झोपा, गुडघ्यांखाली उशी, हात शरीराच्या बाजूला. हात डोक्याखाली घेऊ नका, पोट ताणलं जातं. बोटांची टोकं खुपसायची नाहीत, पेरांनी सपाट दाबायचं. नुकतंच पोटाचं ऑपरेशन झालंय, दिवस भरत आलेत, किंवा आत्ता जांघेत दुखतंय, अशांनी हे करू नये.

पहिली पायरी: हाडं, आणि इथे घाई करायची नाही

कमरेवर हात ठेवून उभं राहतो ना आपण, तेव्हा हाताखाली जी हाडाची कड लागते ती इलियाक क्रेस्ट, परकराची नाडी हिच्यावरच बसते. दोन्ही बाजूंच्या या कडांचे सगळ्यात वरचे बिंदू पाठीमागून जोडले तर रेघ कमरेच्या चौथ्या मणक्यावरून जाते, कमरेत भूल देणारे डॉक्टर आधी हीच रेघ बोटांनी काढतात. आता कडेवरून बोट पुढे पुढे आणा, एका ठिकाणी हाड संपतं आणि बोट खाली घसरतं. घसरायच्या आधीचं टोक म्हणजे एएसआयएस (अँटिरियर सुपिरियर इलियाक स्पाइन), बारीक माणसात ते डोळ्यांनाही दिसतं. तिथे ठिपका द्या. मी पुढे याला नुसतं "कमरेचं टोक" म्हणणार आहे.

मग बेंबीपासून मधोमध सरळ खाली या. मऊ, मऊ, मऊ आणि एकदम टणक लागलं की तो प्युबिक सिम्फिसिस, दोन्ही बाजूंची जघनहाडं जिथे कूर्चेने जोडलीत ती जागा. दुसरा ठिपका तिथे.

आता ट्युबरकल. सिम्फिसिसच्या वरच्या कडेवरून बोट बाहेरच्या बाजूला सरकवा, साधारण दोन-अडीच सेंटिमीटरवर वाटाण्याएवढा उंचवटा लागतो. पुष्कळांना पहिल्यांदा सापडत नाही, चरबी असेल तर मुळीच नाही, त्यासाठी एक युक्ती आहे. गुडघा वाकवून मांडी बाहेरच्या बाजूला पाडा, अर्धी मांडी घातल्यासारखी, आणि हाताने गुडघ्याला विरोध करून मांडी आत ओढायचा प्रयत्न करा. मांडीच्या आतल्या बाजूला दोरीसारखी कंडरा ताठ उभी राहते, ती अॅडक्टर लाँगस या स्नायूची. ती पकडून तिच्यावरून वर वर जा, ती जिथे हाडाला मिळते त्याच्या लगेच वर ट्युबरकल आहे. ठिपका द्या आणि गोल करा. दहा मिनिटं लागली तरी चालतील, पुढचं सगळं या ठिपक्यावर उभं आहे.

कमरेचं टोक आणि ट्युबरकल जोडणारी रेघ काढा. हे इंग्वायनल लिगामेंट, मोठ्या माणसात १२ ते १४ सेंटिमीटरच्या आसपास भरतं, मोजून बघा. आता आरशात बघा, तुमची रेघ आणि जांघेची चामडीची घडी एक नाहीये, घडी खाली आहे. वजन जास्त असलेल्या माणसात ती बरीच खाली सरकलेली असते. म्हणजे घडी बघून "जांघेच्या वर" आणि "जांघेच्या खाली" ठरवणारा माणूस फसणार, म्हणूनच मी हाडांवर एवढी अडून बसते.

दुसरी पायरी: बेंबी

इथे फार वेळ लावत नाही. बेंबीच्या चामडीची जाणीव छातीच्या दहाव्या मज्जातंतूतून जाते, टी-१०, छातीच्या हाडाच्या खालच्या टोकाजवळ टी-६ ते टी-७ आणि जांघेपाशी एल-१. अपेंडिक्सचं दुखणं सुरुवातीला बेंबीभोवती का वाटतं याचं उत्तर यातच आहे, अपेंडिक्सची संवेदना सुद्धा टी-१० च्याच पातळीवर मज्जारज्जूत शिरते आणि मेंदू ती बेंबीच्या खात्यात टाकतो. नंतर सूज पेरिटोनियमला, म्हणजे पोटाच्या आतल्या पातळ आवरणाला, भिडली की दुखणं उजवीकडे खाली येतं. उजव्या कमरेच्या टोकापासून बेंबीपर्यंत टेप लावा, टोकाकडून एक तृतीयांश अंतरावर ठिपका द्या, तो मॅकबर्नीचा बिंदू. चार्ल्स मॅकबर्नी या न्यूयॉर्कच्या सर्जनने तो १८८९ मध्ये मांडला.

तिसरी पायरी: मधले दोन पट्टे

झोपूनच मान उचला, हनुवटी छातीला लावा, आणि पोटावर हात ठेवा. मधल्या रेघेच्या दोन्ही बाजूंना जे उभे पट्टे कडक झाले ते रेक्टस, खाली जघनहाडापासून वर पाचव्या ते सातव्या बरगडीच्या कूर्चेपर्यंत. जिममधली मुलं ज्या सिक्स पॅकसाठी घाम गाळतात त्याचे तुकडे पाडतात या स्नायूला आडव्या बांधणाऱ्या तंतूंच्या पट्ट्या, साधारण तीन असतात, एक बेंबीजवळ आणि बाकीच्या तिच्या वर, आणि त्या जन्मतःच ठरलेल्या असतात, व्यायामाने फक्त दिसायला लागतात. दोन उभ्या पट्ट्यांच्या मधली पांढरी शिवण म्हणजे लिनिया अल्बा, रक्तवाहिन्या कमी म्हणून ऑपरेशनला सर्जन बऱ्याचदा इथूनच शिरतात.

बाळंतपण झालेल्या बायकांनी इथे थांबा. मान उचललेली असतानाच बेंबीच्या वर आणि खाली बोटं आडवी ठेवा, दोन पट्ट्यांच्या मध्ये दोन बोटांपेक्षा जास्त मोकळी जागा लागत असेल तर रेक्टस फाकले आहेत असं म्हणतात. हा हर्निया नव्हे, कारण भोक पडलेलं नाही, शिवण ताणून रुंद झालीय. बाळंतपणानंतर काही महिन्यांत बऱ्याच जणींचं आपोआप कमी होतं, उरलेल्यांना व्यायामाने पुष्कळ फरक पडतो. नुसता पट्टा बांधून स्नायूत ताकद येत नाही, हे मी रोज सांगते आणि पुढेही सांगत राहीन.

अजून एक उपयोगाची गोष्ट. पोटात एका ठराविक जागी दुखत असेल तर तिथे बोट दाबून ठेवा आणि मान उचला. दुखणं कमी झालं तर त्रास आत असण्याची शक्यता, कारण कडक स्नायूंनी आतल्या अवयवाला झाकलं. तेवढंच राहिलं किंवा वाढलं तर त्रास भिंतीतच असू शकतो, कधी एखादी नस (मज्जातंतू) रेक्टसच्या बाहेरच्या कडेला अडकलेली असते. याला कार्नेटची खूण म्हणतात.

चौथी पायरी: तीन थर, येवल्याच्या मागाची आठवण ठेवून

रेक्टसच्या बाहेर कुशीकडे या. चामडी, तिच्याखाली चरबीचा थर, त्याखाली स्कार्पाचा पातळ पडदा, आणि मग तीन सपाट स्नायू एकावर एक. सगळ्यात वरचा एक्स्टर्नल ऑब्लिक, याचे धागे पँटच्या खिशात हात घालताना बोटं जशी जातात तसे, खाली आणि मध्याकडे. त्याखाली इंटर्नल ऑब्लिक, याचे बरोबर उलटे, कमरेच्या कडेपासून वर आणि मध्याकडे. सगळ्यात आत ट्रान्सव्हर्सस, आडवा, कमरपट्ट्यासारखा. येवल्याला माग बघितला असेल तर उभे धागे आणि आडवे धागे मिळून कापड कसं दाट होतं ते लगेच कळेल, एकाच दिशेचे धागे सहज फाकतात, आडवेतिडवे फाकत नाहीत. फक्त इथे धागे एकमेकांत विणलेले नाहीत, थर वेगवेगळे आहेत. अपेंडिक्सच्या जुन्या पद्धतीच्या ऑपरेशनमध्ये सर्जन याचाच फायदा घेतात, प्रत्येक थर त्याच्या धाग्यांच्या दिशेने फाकवायचा, स्नायू कापायचा नाही.

हात ठेवून बघा: उजवा तळवा डाव्या बरगड्यांखाली कुशीवर ठेवा आणि डावा खांदा उजव्या गुडघ्याकडे न्या, तळव्याखाली डावा एक्स्टर्नल ऑब्लिक आवळतो. ट्रान्सव्हर्सस असा दिसत नाही, कमरेच्या टोकाच्या दोन बोटं आत दाबून हळूच खोका, खोल आत काहीतरी ताणलं जातं, त्यात तोही आहे.

ट्रान्सव्हर्ससच्या आत ट्रान्सव्हर्सॅलिस फॅशिया नावाच्या तंतूंच्या पडद्याचं अस्तर, थोडी चरबी, मग पेरिटोनियम. तिन्ही स्नायूंची पुढची टोकं स्नायू न राहता पांढऱ्या चिवट पडद्याची होतात आणि रेक्टसभोवती खोळ करतात. बेंबीच्या वर ही खोळ पुढूनही असते आणि मागूनही. बेंबी आणि जघनहाड यांच्या साधारण मध्याच्या खाली मात्र तिन्ही पडदे रेक्टसच्या पुढून जातात, मागे फक्त फॅशिया उरतो. परीक्षेत हे हमखास विचारतात.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, कमरेचं टोक आणि बेंबी जोडणाऱ्या रेघेच्या खाली एक्स्टर्नल ऑब्लिकमध्ये मांस उरतच नाही, नुसता पडदा. त्या पडद्याची खालची कड आत दुमडलेली आहे. तुम्ही मघाशी रेघ काढली ते इंग्वायनल लिगामेंट म्हणजे वेगळी दोरी नव्हे, ही दुमडलेली काठच आहे.

पाचवी पायरी: कॅनॉल, म्हणजे लेंग्याचा नेफा

नेफा डोळ्यांसमोर आणा. कापड दुमडून केलेली बोगद्यासारखी जागा, त्यातून नाडी जाते, एका भोकातून आत आणि दुसऱ्यातून बाहेर. इंग्वायनल कॅनॉल तसाच, लिगामेंटच्या आतल्या अर्ध्या भागाच्या लगेच वर, मोठ्या माणसात सुमारे ४ सेंटिमीटर लांब. पुरुषात नाडी म्हणजे स्पर्मॅटिक कॉर्ड, वृषणाकडे जाणाऱ्या वाहिन्यांचा दोर, स्त्रीमध्ये गर्भाशयाचं राउंड लिगामेंट, आणि दोघांतही इलिओइंग्वायनल नस.

काढूया. कमरेच्या टोकापासून ट्युबरकलपर्यंतच्या रेघेचा मध्य टेपने काढा, त्याच्या सव्वा सेंटिमीटर वर छोटा गोल, ही डीप रिंग, ट्रान्सव्हर्सॅलिस फॅशियातलं आतलं भोक. ट्युबरकलच्या लगेच वर आणि किंचित बाहेर छोटा त्रिकोण, ही सुपरफिशियल रिंग, एक्स्टर्नल ऑब्लिकच्या पडद्यातलं बाहेरचं भोक. दोन्ही जोडले की झाला कॅनॉल. पुढची भिंत एक्स्टर्नल ऑब्लिकचा पडदा, मागची ट्रान्सव्हर्सॅलिस फॅशिया आणि आतल्या टोकाला कंजॉइंट टेंडन (आतल्या दोन स्नायूंच्या पडद्यांची जोडलेली टोकं), तळ लिगामेंट, छत म्हणजे आतल्या दोन स्नायूंची कमान. दोन भोकं समोरासमोर नाहीत, म्हणून खोकलो की आतल्या दाबाने मागची भिंत पुढच्या भिंतीला चिकटते आणि कमानीचे स्नायू आवळून शटरसारखे खाली येतात. दिवसभर आपण खोकतो, शिंकतो, संडासला जोर करतो आणि तरी काही बाहेर येत नाही ते यामुळे.

हा रस्ता मुळात का आहे? गर्भात वृषणं पोटाच्या मागच्या भिंतीपाशी तयार होतात, साधारण सातव्या महिन्यात या कॅनॉलमधून खाली उतरतात, आणि त्यांच्यापुढे पेरिटोनियमची एक पिशवी गेलेली असते. ती नंतर बुजायला हवी. बुजली नाही तर आतडं त्याच वाटेने, डीप रिंगमधून शिरून कॉर्डसोबत खाली येतं, हा इनडायरेक्ट हर्निया, लहान मुलांत जवळपास नेहमी हाच. उजवं वृषण डाव्यानंतर उतरतं, पिशवी उशिरा बुजते, म्हणून उजवीकडे जास्त. डायरेक्ट हर्नियात रस्ता वेगळा, वयाने, वर्षानुवर्षांच्या खोकल्याने किंवा जोर करण्याने कमकुवत झालेली मागची भिंतच फुगून पुढे येते. दोघांच्या मधली सीमा म्हणजे इन्फिरियर एपिगॅस्ट्रिक रक्तवाहिन्या, त्यांच्या बाहेरून आला तो इनडायरेक्ट, आतून आला तो डायरेक्ट. त्या आतल्या त्रिकोणाला हेसेलबाखचं नाव आहे. डॉक्टर फुगवटा आत बसवून डीप रिंगवर अंगठा दाबतात आणि खोकायला लावतात, ते हेच ओळखायला, पण या एका चाचणीवर पूर्ण भरवसा ठेवत नाहीत. १८८७ मध्ये इटलीतल्या पादुआच्या एदोआर्दो बासिनींनी ही मागची भिंत नीट शिवायची पद्धत मांडली, आज जाळी बसवतात, पण दुरुस्त करायची भिंत तीच.

सहावी पायरी: रेघेच्या खाली, आजीची जागा

आता कमरेचं टोक आणि सिम्फिसिस यांचा मध्य काढा. लक्ष द्या, मघाशी ट्युबरकल होता, आता सिम्फिसिस, म्हणून हा बिंदू जरा आत येतो. लिगामेंटच्या लगेच खाली दोन बोटं ठेवून थांबा, ठोके लागतील, ती फेमोरल धमनी. तिच्या बाहेर नस (मज्जातंतू), आत शीर (रक्तवाहिनी), आणि शिरेच्याही आत एक छोटी मोकळी जागा, फेमोरल कॅनॉल, त्यात थोडी चरबी आणि लिम्फची गाठ. ठोक्यापासून आतल्या बाजूला बोट सरकवा, ट्युबरकलच्या खाली आणि बाहेर जिथे थांबाल ती जागा.

या भोकाची पुढची बाजू लिगामेंट, मागची हाडाला चिकटलेलं पेक्टिनियल लिगामेंट, आतली लॅक्युनर लिगामेंटची धारदार कड, फक्त बाहेरची बाजू मऊ, शिरेची. तीन बाजू टणक असलेल्या भोकात आतडं शिरलं की ते भोक रुंद व्हायला तयार नसतं, आणि आतड्याचा रक्तपुरवठा तुटतो. म्हणून फेमोरल हर्निया लहान दिसतो आणि जास्त धोक्याचा असतो. बायकांत, त्यातही वय झालेल्या बायकांत तो पुरुषांपेक्षा जास्त आढळतो, तरी बायकांतही सगळ्यात जास्त आढळणारा जांघेचा हर्निया इंग्वायनलच. नऊवारीच्या आत, कुणाला दाखवायचं नाही अशा जागी, बोराएवढी गाठ किती दिवस लपून राहू शकते हे तुम्हीच बघा.

तेव्हा नियम: गाठ ट्युबरकलच्या वर आणि आत असेल तर इंग्वायनल, खाली आणि बाहेर असेल तर फेमोरल असू शकतो. आणि अवधाण? तेही खालीच येतं, इथल्या लिम्फच्या गाठी पाय, ढुंगण, जननेंद्रियाची चामडी आणि बेंबीखालच्या चामडीचा निचरा घेतात. म्हणून खालच्या गाठीला हात लावला की आधी तळपाय बघा, बोटांच्या बेचक्या बघा, शेतात अनवाणी काम करणाऱ्यांच्या टाचेच्या भेगा बघा. जखम सापडली नाही, तर "अवधाण असेल" म्हणून घरी बसू नका. वृषणाचा निचरा मात्र इथे येत नाही, तो पोटात खोल महाधमनीजवळ जातो.

जाता जाता, कमरेच्या टोकाच्या जरा आत, लिगामेंटखालून मांडीच्या बाहेरच्या चामडीची नस जाते. घट्ट बेल्ट किंवा घट्ट जीन्समुळे ती दबली की मांडीच्या बाहेरच्या बाजूला आग आणि मुंग्या येतात. बेल्ट सैल करून बघा आधी.

सातवी पायरी: उठा आणि खोका

झोपल्यावर हर्निया आत जातो, म्हणून शेवटचं काम उभ्याने. आरशासमोर उभे राहा, मान वळवून जोरात खोका, दोन्ही बाजूंच्या रेघांकडे बघा. मग सुपरफिशियल रिंगवर पेरं सपाट ठेवून परत खोका, मग फेमोरल जागेवर. थोडासा ताण सगळ्यांना लागतो, पण बोटाला काहीतरी येऊन धडकतंय आणि मागे जातंय असं वाटलं, किंवा फुगवटा दिसला, तर सर्जनला दाखवा, न दुखणारा असला तरी दाखवा. द्राक्षाचे क्रेट किंवा कांद्याच्या गोण्या उचलणाऱ्या माणसांनी तर नक्कीच, "दुखत नाही" म्हणून पुढच्या हंगामावर ढकलू नका.

गाठ कडक झाली, दुखायला लागली, आत जात नाही, वरची चामडी लाल झाली, उलट्या होतायत, पोट फुगलं किंवा गॅस सरणं बंद झालं, यातलं काहीही असेल तर रात्र असो, रविवार असो, लगेच इमर्जन्सीला जा. घरी जोर लावून आत ढकलू नका, चोळू नका, शेकू नका, आणि काही खाऊपिऊ नका, ऑपरेशन लागू शकतं.

लहान बाळांचं वेगळं. रडताना जांघेत फुगवटा येतो आणि झोपल्यावर जातो असं दिसलं तर मोठं झाल्यावर बघू म्हणायचं नाही, बालशल्यचिकित्सकाला दाखवायचं, कमी दिवसांच्या बाळांचं तर फारच लवकर. वृषण सहा महिन्यांपर्यंत खाली आलेलं नसेल तरीही दाखवायचं. बेंबीचा फुगवटा मात्र बहुतेक बाळांत चार-पाच वर्षांपर्यंत आपोआप बंद होतो, त्यावर नाणं बांधू नका, चामडी मात्र चिघळते.

आता खोबरेल तेलाने सगळं पुसा. पुसून झालं की डोळे मिटा आणि एका बोटाने परत ट्युबरकल शोधा, डावा, मग उजवा. उद्या पेन्सिल न घेता फक्त तेवढंच करा, परवा पण.